तुलारामभाऊंचे सात, खुशबूचे चार

आसगावच्या तलावाच्या पारीवर, त्या मातीच्या बांधावर, सकाळी कोणी तोंडात बोट घालून भाषण करताना दिसलं, तर ते तुलारामभाऊ नान्हे आहेत असं खुशाल समजावं. भाषण कळेलच असं नाही. गुडाखू, म्हणजे तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा, दातांवर घासत घासत राजकारणावर बोलायचं तर ओठ मिटायची सोय नसते. पण चाळीस वर्षांत गावाचे कान तयार झाले आहेत. भाषण संपलं की चूळ, चूळ संपली की डोंगा पाण्यात, आणि मग जाळं. हा क्रम मोडला तर मासोळ्यांनाही चुकल्यासारखं होईल, असं ते स्वतःच सांगायचे.

या चाळीस वर्षांची कमाई म्हणजे एक काळं बोट आणि शिल्लक राहिलेले सात दात. "सात पुरतेत," ते म्हणायचे. "मासोळी मऊच राह्यते."

घरात दुसरं खातं नातीचं होतं. खुशबू अकरा महिन्यांची, दात चार. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी मोनाताईंनी तिचा ओठ वर करून पाहिला आणि त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. वरच्या दोन दातांवर, हिरडीजवळ, खडूसारखी पांढरी रेघ उमटली होती.

"ही कीड लागायची सुरुवात आहे," त्या भाऊंच्या सुनेला, ज्योत्सनाला, म्हणाल्या. "गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. सकाळ-संध्याकाळ बोटाला स्वच्छ ओला फडका गुंडाळून दात पुसा. पुढच्या महिन्यात बघते. रेघ वाढली तर भंडाऱ्याला, दातांच्या डॉक्टरकडे."

बाटली त्याच दिवशी बंद झाली. तोंड उघडायचं मात्र जमेना. फडका दिसला की खुशबू ओठ असे मिटायची की जणू आतून कडी लावली. तिच्या बापाने, अंकुशने, टाळ्या वाजवल्या, मांजराचा आवाज काढला. बोट आत गेलं ते रक्ताळूनच बाहेर आलं. आजी रेवताबाईंचीही तीच गत. दात चारच, पण वापर चोख.

आठवडा असाच गेला. मग एका सकाळी भाऊ घरीच, अंगणात बसून, गुडाखू घासत होते. खुशबू रांगत आली, समोर बसली आणि त्यांच्या बोटाकडे बघत तिने आ वासला.

"ज्योत्सना! पाह्य वो! पोट्टीनं तोंड उघडलं!"

आनंदाच्या भरात भाऊंचं लक्ष सुनेकडे, आणि मांडीवरची डबी उघडीच. खुशबूने त्यात बोट बुडवलं. ज्योत्सना कणकेच्या हातांनी धावली आणि ते बोट ओठांपासून इंचभरावर पकडलं.

सासऱ्यापुढे ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "मामाजी, तंबाखू हाय ते! एवढ्याशा पोटात गेलं असतं तं?"

"मी कुठं देऊन राहिलो होतो?"

"देत नाई," आतून रेवताबाई म्हणाल्या, "रोज सकाळी बसून शिकवता."

ज्योत्सना पोरीचं बोट पुसत राहिली. "तोंड तं ते तुमच्याचसाठी उघडते, मामाजी. पण तुमचं हे बोट मी तिच्या तोंडात जाऊ देत नाई."

भाऊंनी बोट धुवायला घेतलं. राखेने घासलं, साबणाने घासलं, लिंबाने घासलं. प्रत्येक वेळी ज्योत्सना हुंगायची आणि मान हलवायची. मग त्यांनी वाटणी केली: पारीवर डाव्या हाताने गुडाखू, घरी उजव्या हाताने नात. डावा हात सवयीचा नव्हता. पहिल्याच सकाळी अर्धा गुडाखू नाकात गेला.

चार दिवसांनी उजवं बोट परीक्षेत पास झालं. भाऊ फडका गुंडाळून थाटात बसले, तर खुशबूचे ओठ बंद. तिला आजोबांचं घासणं बघायचं होतं. त्यांनी दुसरा फडका घेऊन आपले सात दात घासले. लगेच तिने आ वासला, आणि आजोबांचाच फडका ओढून तोंडाकडे नेला. तो पार काळा झाला होता. ज्योत्सनाने तो काढून घेतला आणि काळी बाजू वर करून भाऊंच्या पुढ्यात ठेवला. भाऊंना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी जोडीदार बाबुलालच्या हातात ठेवली.

"पाचव्या दिवशी मांगाले येशील," बाबुलाल म्हणाला.

"आलो तं देजो नोको."

चार दिवस भाऊंचं डोकं ठणकलं, पोट रुसलं, कोंबड्यांनी शिव्या खाल्ल्या. एकदा फेकलेलं जाळं बाबुलालच्या डोंग्यावर जाऊन पडलं. त्यात सापडलेला एकमेव जीव बाबुलाल होता. पाचव्या दिवशी भाऊ खरोखरच डबी मागायला गेले.

बाबुलाल तोंडात बोट घालून बसला होता. ते काढून तो म्हणाला, "नाई देत. तूच म्हनला होतास." आणि बोट पुन्हा आत.

भाऊंनी त्याला सात पिढ्यांसकट आठवलं आणि घरी आले. खुशबू दारातच आ वासून बसली होती.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ अंगणात दोन फडके भिजू लागले. आधी आजोबांचे सात, मग नातीचे चार.

महिन्याने पुन्हा वजनाचा दिवस आला. मोनाताईंपुढे खुशबूने कडी लावली. शेवटी तुलारामभाऊंना सगळ्या बायांसमोर बसून आ करावा लागला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि तेवढ्यात नातीनेही आ केला.

मोनाताईंनी वाकून, उजेडाकडे वळवून, नीट पाहिलं.

"रेघ वाढली नाही. आहे तेवढीच आहे. असंच चालू ठेवा. आणि वर बाजूला पाचवा येतोय."

भाऊंनी बोटांवर हिशेब केला. "दिवाळीपावेतो मले मागं टाकते हे पोट्टी."

"तवरी तुमचे टिकतीन का?" रेवताबाईंनी विचारलं.

"टिकवून राहिलो ना," भाऊ म्हणाले, आणि तोंड न मिटता मोनाताईंकडे वळले. "ताई, आता बसलोच हाओ, तं माह्येबी पाहून घ्या."