हिराच्या नावावर माझं रक्त

आधी चहा संपवा. मी केलेला गाढवपणा असा आहे, की ऐकताना तुमच्या कपातला सांडेल.

गेल्या भादव्यात आमच्या हिराला, म्हणजे बायकोला, ताप भरला. सांधे असे आखडले की केस विंचरायला फणी धरवेना. रेवसच्या रस्त्यावरचे डॉक्टर म्हणाले, "चिकनगुनिया वाटतोय. सहा दिवस झालेत, आता रक्तात कळेल." चिठ्ठी लिहून दिली.

आता काय सांगू, मिठागरात चाळीस वर्षं उन्हात राबलेली बाई, पण सुई म्हटलं की पांढरी पडते. लॅबच्या दारात माझा दंड धरून उभी. "मना न्हाय टोचायचा," म्हणाली. डोळ्यांत पाणी. मला काही ते बघवेना.

मग मी विचार केला. विचार केला, तिथंच चुकलं.

आमच्याकडे सत्यनारायणाला नवरा पाटावर बसतो, बायको त्याच्या हाताला हात लावते. पाणी तो सोडतो, पुण्य दोघांना. भटजींनी आजवर हरकत घेतलेली नाही. मग रक्ताला कोण घेणार? जेवण एका टोपातलं, डासही एकाच घरातले.

मी बाही वर करून खुर्चीत बसलो. "तू नुसता हात लाव," म्हणालो. तिनं लावला.

लॅबवाल्यानं चिठ्ठी बघितली. "हिरा म्हात्रे?"

"हां," मी म्हणालो. हिरा नावाचे पुरुषही असतात; त्यानं टोचलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"रोगाशी लढायला शरीर रक्तात प्रतिपिंडं तयार करतं," ते म्हणाले. "ताजी वेगळी, जुनी वेगळी. मावशी, यात जुनीच दिसतायत. म्हणजे चिकनगुनिया तुम्हाला पूर्वी होऊन गेलाय. हा ताप दुसरा कसला तरी असणार, औषध बदलावं लागेल."

औषध बदलणार म्हटल्यावर मला राहवेना. चुकीचं औषध तिच्या पोटात गेलं तर? सगळं सांगून टाकलं. अगदी सत्यनारायणासकट.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, मग चिकनगुनिया तुम्हाला झाला होता."

"तरीच," हिरा म्हणाली. "परवाच्या साली ह्ये गुडघे धरून बसलेले. तपासायला गेले न्हाय. माझ्या वालांनी वात झाला म्हणून गावभर सांगितला. तवापासून घरात वाल शिजला न्हाय, डॉक्टर."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो.

मग ती उठली. लॅबमध्ये गेली आणि स्वतःच हात पुढं केला. "माझाच घ्या. ह्यांना बाहेर बसवा."

तिला ताजा चिकनगुनिया निघाला. डॉक्टरांनी औषध दिलं, आराम सांगितला. ताप उतरल्यावर तिला पहिली इच्छा झाली ती वालाच्या बिरड्याची. तिची बोटं तर वळत नव्हती. मग भिजवलेले वाल पुढ्यात घेऊन मीच ओटीवर सोलायला बसलो.

शेजारचा नामदेव आला. "काय रं दादा, तुला वाल वाताचे ना?"

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून हिराचं उत्तर गेलं.

"न्हाय रं भावोजी, रिपोर्टात आलाय. वालांची काय एक चूक न्हवती. अवो, थांबलात कशाला? सोला, अजून अर्धा किलो हाय."