नुसती थिअरी

पालकसभेला मुख्याध्यापक शेजारीच बसले होते. दहावीतल्या एका मुलीचे वडील उठले. त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना, चार मागांचा. "सर, माकडापासून माणूस झाला म्हणं. ही नुसती थिअरी हाय की. सिद्ध कुटं झालंय?"

बावीस वर्षं मी विज्ञान शिकवतोय. उत्तर येत होतं. पण उगाच वाद नको, म्हणून हसून म्हणालो, "बरोबर आहे तुमचं. थिअरीच ती. मार्कांपुरतं शिकायचं."

सगळे हसले. वडिलांमागे उभी असलेली मुलगी मात्र हसली नाही.

आठवड्याने वह्या तपासताना तिची वही हाती आली. उत्क्रांतीच्या धड्यावर पट्टीने रेघ मारून सुंदर अक्षरात लिहिलं होतं : 'फक्त थिअरी. मार्कांपुरतं. – सर.' खाली सही करायची होती. पेन हातात तसंच राहिलं.

रविवारी मी तिच्या वडिलांच्या कारखान्यात गेलो. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी बटण दाबून माग थांबवले. मी म्हणालो, "आपण बोलताना थिअरी म्हणतो ते अंदाजाला. विज्ञानात अंदाज ही नुसती सुरुवात. तो तपासतात, खोटा पाडायचा प्रयत्न करतात, वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या ठिकाणी. तरी तो टिकला आणि कितीतरी गोष्टींचा उलगडा त्यातून झाला, तरच त्याला थिअरी, म्हणजे सिद्धांत म्हणतात. उद्या वेगळा पुरावा मिळाला तर तोही बदलावा लागतो. जंतूंमुळे रोग होतात, हाही सिद्धांतच आहे."

ते म्हणाले, "मग त्या दिवशी का न्हाई बोललात?"

"घाबरलो," मी म्हणालो.

"मला काय सांगताय सर. पोरीला सांगा की."

दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गासमोर सांगितलं. आपण चुकीचं बोललो, आणि माहीत असून बोललो, हेही. तीच मुलगी उभी राहिली.

"सर, आणखी काय काय असं सांगितलंय तुम्ही आम्हाला?"

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. मी आठवू लागलो आणि जे जे आठवलं, ते तिथे उभं राहून सांगायचा धीर मला झाला नाही.