द्राक्षाच्या रसाचा वास

संघपाल हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात अकरा वर्षं कूक होता. प्यायला तो तिथंच शिकला. कोंबडी परतून काढली की पॅनच्या बुडाला तांबूस खरवड राहायची. तिच्यावर वाईन ओतून ती उलथन्यानं सोडवायची, की दाट, चवदार सार व्हायचं. हळूहळू एक घोट पॅनमध्ये अन् दोन पोटात जाऊ लागले. शेवटी नोकरी गेली.

बीदरला परतून त्यानं उपचार घेतले. पिणं सुटलं, त्याला दीड वर्ष झालं. बसस्टँडजवळच्या हॉटेलात काम मिळालं, तेव्हा त्यानं मालक संगमेशला पहिल्याच दिवशी सांगितलं, "अण्णा, माझ्या किचनात बाटली येऊ देऊ नका."

वाईनशिवाय तसं सार जमवायला दोन महिने गेले. लिंबू उकळून कडवट झालं, चिंचेनं रंग काळवंडला. अखेर काळ्या द्राक्षांचा रस, चमचाभर सिरका, म्हणजे व्हिनेगर, अन् कोंबडीच्या हाडांचं पाणी, असं जमलं. गिऱ्हाईकं नाव काढू लागली.

एका दुपारी रसाचं भांडं अंगावर उपडं झालं. तसाच तो घरी गेला. बायको प्रेरणा दार उघडताच वासानं मागं सरली.

"पिऊन आलाव?"

"न्हाई गं. अंगूराचा रस हाय, सिरका घातलेला. सांडला."

"मागं एकदा खोकल्याचं औषध सांडलं होतं."

पीत होता त्या दिवसांत, पिऊन आल्यावर, तसं तो खरंच म्हणाला होता. ती भांडली नाही. पोरीचं दप्तर भरलं अन् जीपनं माहेरी, कमठाण्याला निघून गेली.

चार दिवसांनी संघपाल पॅन, रस अन् सिरका घेऊन तिथं गेला. सासूच्या गॅसवर त्यानं सगळं करून दाखवलं. पॅनमधून तोच आंबूस वास उठला. प्रेरणानं चाखून बघितलं.

"खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "पर त्या दिवशी वास आला अन् मी मागं सरले. खरं काय, खोटं काय, ते कळायच्या आधीच."

"मी चिंच घालतो. काळं झालं तर होऊ दे."

"चिंचेनं काय व्हतंय? रोज दार उघडताना भ्या वाटायलंय मला. कामून जगू असं?"

त्यानं पोरीला वाढलं. पोरगी पोटभर जेवली. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच बीदरला आला.

जूनमध्ये प्रेरणानं पोरीला कमठाण्याच्याच शाळेत घातलं.