न घासलेला तांब्या

भांडी घासण्याला माझ्या व्याह्यांइतका कडवा विरोध करणारा गृहस्थ शिरूर-दौंडच्या पट्ट्यात दुसरा नसावा. उमेदीची वर्षे त्यांनी जहाजावर, समुद्राच्या तळाची वाळू उपसून तपासण्यात घालवली. निवृत्तीनंतर ते दौंडला परतले. वाळू मात्र सुटली नाही. शिक्रापूरच्या रस्त्यावर वाळूचा ट्रक दिसला की ते गाडी थांबवून मूठभर वाळू मागतात. चालक त्यांना तपासणीवरचे साहेब समजून चहा पाजतो आणि ते तो निर्विकारपणे पितात. घरच्या किटलीत बसलेला पांढरा थर खरवडण्यास त्यांनी पत्नीला कायमची मनाई केली आहे.

माझ्या मुलीला पाहायला ते शिरूरला आले, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तो उचलला, पाणी अंगणात ओतले आणि तांब्याच्या तोंडाला डोळा लावून आत पाहत बसले. त्यांचा मुलगा माझ्या मुलीला मनापासून पसंत होता. ती दाराआड पांढरीफटक पडली. तिचे मामा ताडकन उठले.

"पाव्हणं, आमचं पाणी वतून दिलं? म्हंजी सोयरीक नको, आसंच ना?"

व्याह्यांच्या कानी काही गेले नाही. तेव्हा माझी पत्नी पुढे झाली.

"काय दिसलं वो आतमदी?"

हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारला नसावा. त्यांचा चेहरा उजळला.

"हा थर तुमच्या बोअरच्या पाण्यानं ठेवलाय. समुद्राच्या तळाशीही असंच होतं. वाळूच्या कणावर पाणी लोह आणि मँगनीजचं पातळ पुट चढवतं. पाणी हजारो वर्षांपूर्वी निघून गेलेलं असतं, पण पुटात त्याची खूण राहते. तेवढं पुट विरघळवून तपासलं, की प्रवाह कुठल्या दिशेनं आला होता ते कळतं."

"आन् कुणी कण घासून ठिवला तर?"

"तर सगळंच गेलं! अगदी बरोबर बोललात, विहीणबाई!"

मामा मटकन खाली बसले. "विहीणबाई म्हणले न्हवं? मग ठरलं. पेढे आणा."

मुलीचा संसार उत्तम चालला आहे. त्याबद्दल मी या गृहस्थांचा ऋणी आहे. तसे त्यांना कधी बोललो नाही. पत्नी जाऊन काही वर्षे झाली. माझी सून एकदा तो तांब्या चिंचेने घासायला निघाली होती. मी अडवले, कारण सांगितले नाही. व्याही आले की पाणी त्यातूनच देतो. आता ते आधी पितात, मग आत पाहतात.

परवा म्हणाले, "वरचा थर नवा आहे. खालचा विहीणबाई पाणी भरायच्या तेव्हाचा. तो जागेवर आहे."

मी तांब्या त्यांच्या हातून घेतला आणि पुन्हा भरून आणला.