बाळंतपणापुरती तुर्की

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलं. पण लेक नोकरीसाठी इस्तंबूलला, जावई सहा-सहा महिने जहाजावर, आणि डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास बंद केलेला. म्हणून माहेरालाच उठून तिकडे जावं लागणार होतं. म्हणजे मला. खरवई सोडून मी एकटी कधी कल्याणच्या पलीकडे गेले नव्हते. ऐन वेळी लेकीला बोलता आलं नाही, तर फोनवर मदत मागायची कोणी? मीच. 

उल्हासनगरचे एक सिंधी व्यापारी तुर्कस्तानातून जीन्सचं कापड आणायचे. त्यांच्या दुकानात, ताग्यांच्या मध्ये बसून, दोन महिने मी रोज दुपारी तुर्की शिकले.

"ताई, घाबरायचं नाय," ते म्हणायचे. "घरात, शाळेत, तुमचा 'त' सगळीकडे चालतो ना? इनका वैसा नहीं है. शब्दात शेवटचा स्वर कोणता, ते बघून शेपटी लावायची."

घर म्हणजे एव, घरात म्हणजे एवदे. शाळा म्हणजे ओकुल, पण शाळेत म्हणजे ओकुलदा. ए-इ असला की दे, आ-ओ-उ असला की दा. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, तेवढाच काय तो दिलासा. भाकऱ्या थापतानाही माझं दे-दा चालायचं. "नातवाला पाळण्यातच व्याकरण शिकवणार वाटतं," नवरा म्हणाला. मला हसूसुद्धा येईना.

तिथे पोचून आठवा दिवस. सकाळी लेक स्वयंपाकघरात भिंत धरून खाली बसली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. मी फोन लावला आणि दे की दा, काही म्हणजे काही आठवेना. मुलगी, बाळ, घर, लवकर, एवढंच ओरडले आणि दाराला चिकटवलेला पत्ता पुन्हा पुन्हा वाचत राहिले. पलीकडची बाई काय विचारत होती, देव जाणे. अॅम्ब्युलन्स दारात आली तेव्हाही मी पत्ताच वाचत होते.

हॉस्पिटलमध्ये कळ जरा ओसरली तशी लेकीने माझा हात घट्ट धरला आणि नर्सला म्हणाली, "आन्नेम कोर्कुयोर." माझी आई घाबरलीय. तिकडे गेल्यापासून तुर्कीतलं अख्खं वाक्य मला कळलं, ते हे पहिलंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कळा सोसत होती ती, आणि नर्सने खुर्ची आणली माझ्यासाठी.