कोंडू जॉबरचा तळहात

आमच्या भिवंडीत जुनी गाडी घ्यायची असली की लोक दोघांना विचारायचे. एक बँकेतला ओळखीचा आणि दुसरा कोंडू जॉबर. बँकवाला आज हो आणि उद्या नाही म्हणायचा. कोंडूनं एकदा नाही म्हटलं की ते नाहीच.

जॉबर म्हणजे लूमचा, यंत्रमागाचा मिस्त्री. एका पत्र्याखाली चोवीस लूम खडखडत असतात, तिथे शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. मग कुठल्या लूमचं काय दुखतंय हे कानानं कसं कळणार? कोंडू हातानं बघायचा. लूमच्या सांगाड्यावर उजवा तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "डावीकडचं बेअरिंग." खोललं की डावीकडचंच बेअरिंग. अडतीस वर्षं त्यानं हे केलं. चाळिशीतच त्याचे कान गेले, तळहात मात्र राहिला. पुढे लोक त्या तळहाताखाली पाण्याचे पंप आणायला लागले, मग रिक्षा, मग मोटरसायकली आणि शेवटी जुन्या गाड्या. रविवारी सकाळी त्याच्या दारात कोणी ना कोणी उभं असायचंच. नवशा रिक्षावाला तर म्हणायचा, "मिस्त्रीला पोरगी दाखवून मग लग्न करायला पाहिजे होतं!"

मी त्याच गल्लीत राहतो. माझं आयुष्य नाटकात गेलं. गावोगावी फिरणारी आमची मंडळी होती आणि मी त्यातला खलनायक. तिसऱ्या अंकात मी मरायचो. दोनेक हजार वेळा तरी मेलो असेन आणि दर वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणाच्या मरणाला एवढ्या टाळ्या पडल्या असतील असं वाटत नाही! भिवंडीत प्रयोग असला की कोंडू पहिल्या रांगेत बसायचा. त्याला शब्द ऐकू यायचे नाहीत, तो माझे ओठ वाचायचा. लूमवर काम केलेल्या सगळ्यांनाच ही विद्या येते. प्रयोग संपला की आत यायचा आणि सांगायचा, "राघो, दुसऱ्या अंकात दोन वाक्यं खाल्लीस." प्रॉम्प्टरच्याही लक्षात आलेलं नसायचं.

त्याला एकुलती एक मुलगी, संघरत्ना. पडघ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रोज स्कूटीवरून जाते, नाशिकच्या हायवेनं, दोन्ही बाजूंना कंटेनर. गेल्या श्रावणात एका खड्ड्यात तिची स्कूटी घसरली. मागचा ट्रकवाला देवमाणूस, त्यानं वेळेवर ब्रेक लावला. गळ्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना घरी बसली. त्या दीड महिन्यात कोंडू आणि त्याची बायको शेवंता दोघंही वाळून गेली. पोरीनं ठरवलं, छोटी का होईना, चार चाकांची गाडी घ्यायची. नवी झेपणार नव्हती. दहा-अकरा वर्षं जुनी घ्यायची, पण रस्त्यात दगा न देणारी. हायवेवर मधल्या लेनमध्ये गाडी बंद पडली तर काय होतं हे तिनं दवाखान्यात बघितलं होतं.

वळ गावात धनेश नावाच्या एका गोदामवाल्याकडे अशी गाडी असल्याचं कळलं. त्यानं नवी मोठी गाडी घेतली होती आणि बायको मृणालीची लहान गाडी विकायला काढली होती. संघरत्नानं फोन करून रविवारी नऊची वेळ ठरवली.

"फोन कशाला केलास?" कोंडू वैतागला. "गाडी बघायला न सांगता जायचं असतं. इंजिन थंड असताना बघायचं. सांगून गेलं की मालक आधीच चालू करून ठेवतो, मग सकाळचा खोकला कळत नाही."

"बाबा, त्यांच्या गेटवर वॉचमन असतो. न सांगता गेलं तर आत कोण सोडेल?"

"पूर्वी न्हवते वॉचमन," कोंडू म्हणाला आणि शर्ट घालायला आत गेला. जाताना मला म्हणाला, "तू पण चल. विकणारा खोटं बोलतो का बघ. तुझा धंदाच तो."

रिक्षानं आम्ही तिघं वळला पोचलो. गोदामांच्या रांगेमागे धनेशचं घर, पुढे पत्र्याची शेड. शेडच्या सावलीत गाडी उभी होती. राखाडी, धुऊन पुसून चकचकीत. धनेश बनियनवरच बाहेर आला. त्याची आई हौसाबाय ओटीवर झोपाळ्यात बसली होती.

"या मिस्त्री, या. नाव लय ऐकलंय तुमचं. गारी एकदम मस्त हाय. मृणालीनं फकस्त पोरांना शालेत सोरायला वापरली. खरचटा न्हाय कुठं."

कोंडूनं मान हलवली. तो कोणाशी जास्त बोलत नसे. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून टायर बघितले, पायाखालचा गालिचा उचलून पुराच्या पाण्याचा चिखल आहे का ते पाहिलं. मग बॉनेटपाशी आला, उजवा तळहात सपाट ठेवला आणि डोळे मिटले. हौसाबायनं झोपाळ्याला पाय लावून तो थांबवला.

"थंड हाय," कोंडू म्हणाला. "चालू करा."

त्याच वेळी माझ्या चपलेचा पट्टा निसटला. तो लावायला मी वाकलो आणि तोल सांभाळायला हात टेकला तो नेमका बॉनेटवर. माझा हात पोळला नाही, पण बॉनेट गरम होतं. नुसतं कोमट नव्हे, चांगलं गरम. शेडमध्ये ऊन येत नव्हतं.

मी कोंडूकडे बघितलं. चालू इंजिनावर त्याचा तळहात होता, मान किंचित कललेली, कपाळावर एक आठी. मी हा चेहरा शंभर वेळा पाहिलेला. पण त्या दिवशी मला त्यात काहीतरी ओळखीचं दिसलं. ती आठी जरा लवकर पडली होती. आपल्याकडे लोक बघतायत हे माहीत असलेल्या माणसाच्या कपाळावर पडते तशी. कोंडूला काहीही कळत नव्हतं. तो कोंडू जॉबरचं काम करत होता.

"चांगली हाय," तो म्हणाला. "घे पोरी."

संघरत्नानं पर्स उघडली. टोकन द्यायला तिनं पाकीट आणलेलं होतं. मी काय करायला हवं होतं? सगळ्यांसमोर म्हणायचं, थांबा, याचा हात गेला? अडतीस वर्षं ज्याच्या हातावर गाव चाललं त्याला परक्या दारात असं सांगायचं? आणि नाही सांगायचं तर ही पोर उद्या ती गाडी घेऊन कंटेनरांमध्ये शिरणार. तेव्हा मला जे येतं तेच मी केलं. छाती धरली आणि पडलो.

पडलो म्हणजे झकास पडलो. गुडघे आधी, मग खांदा. वयाच्या मानानं उत्तम.

"अगो बाय!" हौसाबाय ओरडली. "काय झालं ह्यांना? धनेश, पानी आन रं! कांदा फोर!"

मला उचलून ओटीवर निजवलं. कोंडू घाबरून गाडीपाशीच खिळला होता. संघरत्ना धावत आली, माझं मनगट धरलं, घड्याळात बघितलं. अर्ध्या मिनिटानं तिचा चेहरा बदलला.

"काका," ती हळूच म्हणाली, "नाडी माझ्यापेक्षा चांगली आहे तुमची. काय चाललंय?"

नाटक बघायला येणारे लोक नाडी बघत नाहीत, हे माझं भाग्य. मी रुमाल तोंडावर धरला, कारण कोंडू बघत होता, आणि म्हटलं, "बॉनेट गरम होतं. तो थंड म्हणाला."

मला वाटलं ती दचकेल. ती दचकली नाही.

"माहीत आहे मला. चार महिने झाले. साखरेच्या आजारानं हाताची जाणीवच गेलीय. आईनं उतरवलेलं पातेलं उघड्या हातानं उचललं, फोड आला, तरी कळलं नाही त्यांना. मीच पट्टी बांधली. म्हणाले, आईला सांगू नको."

"मग त्याला आणलंस कशाला?"

"दुसरा मेकॅनिक आणला असता तर ते जेवले असते का, काका? निघाली गाडी वाईट तर पडघ्यात दुरुस्त करून घेईन हळूहळू. त्यांना काही कळणार नाही."

"अगं, पण मधेच बंद पडली तर?"

तिचे डोळे भरले. "मग तुम्ही सांगा त्यांना. माझ्याच्यानं नाही होत."

मी रुमाल धरला होता. तिनं नव्हता धरला. मान वर केली तर वीस-बावीस पावलांवर कोंडू उभा होता आणि टक लावून पोरीच्या ओठांकडे बघत होता. कारखान्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस काय बोलतो ते जन्मभर वाचत आलेला तो. तिथून इथवरचं अंतर ते काय!

तेवढ्यात हौसाबायच्या सुनेनं चहा आणला. स्टीलचे ग्लास, नुकताच उकळलेला. कोंडू सावकाश चालत ओटीपाशी आला.

"धनेशशेठ, गाडी नको."

"नको? आता तं चांगली बोललात!"

"बोललो. उगाच बोललो. माझ्या हाताला काय कळत न्हाय."

धनेश हसायला लागला. "वा मिस्त्री! एकाची छाती, एकाचा हात. अवो, भाव कमी करायचा तं सरळ बोला ना. घासाघीस बी चालंल, एवरा नाटक कशाला?"

त्याचा दोष नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. माझ्या त्या पडण्यानंतर कोंडूचं खरं बोलणंसुद्धा खोटं झालं होतं, हे मला तेव्हा, ओटीवर पडल्या पडल्या कळलं.

कोंडूनं ट्रेमधला एक ग्लास उचलला. काठाला धरून नाही, पूर्ण तळहात त्याच्याभोवती गुंडाळून. वाफ येत होती. तो धनेशकडे बघत तसाच उभा राहिला. धनेशचं हसू थांबलं.

"आरं, सोर रं! भाजल!" हौसाबाय झोपाळ्यावरून उठली.

संघरत्नानं ग्लास काढून घेतला. तळहात लालबुंद झाला होता. कोंडू त्याच्याकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. तिनं त्याला नळाखाली नेलं, पाणी सोडलं आणि त्याचं मनगट धरून उभी राहिली.

मी उठून बसलो. आता आजारपणाचं सोंग करण्यात अर्थ नव्हता. धनेशला विचारलं, "सकाळी चालू केली होती का हो गाडी?"

"केली ना. धुवाला भायेर काढली, परत आत लावली. का वो?"

तो खरं बोलत असेल. गाडी तर धुतलेली होतीच. मी त्याच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघितलं. खोटं ओळखणं माझा धंदा, असं कोंडू म्हणाला होता. मला काहीही ओळखता आलं नाही.

"माझा मेकॅनिक बोलवू का?" धनेश म्हणाला. मघाचं हसू आता त्याच्या आवाजात राहिलं नव्हतं. पण त्याच्याच मेकॅनिकवर कसं विसंबायचं? संघरत्ना नको म्हणाली. निघताना हौसाबायनं तुपाची वाटी आणून कोंडूच्या हाताला तूप लावायला घेतलं. नर्स पोर समोर असूनही म्हातारीला कोणी अडवलं नाही.

आम्ही रिक्षानं परत निघालो. पुलापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा कोंडू माझ्याकडे वळला.

"दोन हजार वेळा मेलास," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा वाईट मेलास."

"का?"

"एक डोळा उघडा होता."

संघरत्ना हसली, मग पदरात तोंड घालून रडायला लागली. कोंडूनं तिच्या डोक्यावर तूप लावलेला हात ठेवला. तिचे केस त्याला लागत होते का, मला ठाऊक नाही.

त्यानंतर तिनं आणखी दोन गाड्या बघितल्या. एका गॅरेजवाल्यानं पहिली घ्या म्हटलं, दुसऱ्यानं तीच गाडी ठोकलेली आहे असं सांगितलं. दुसरी गाडी आणखी दोघांनी चांगली म्हटली, तर ते दोघं भागीदार निघाले. शेवटी ती माझ्याकडे येऊन बसली. "काका, खरं कोण बोलतंय हे कसं ओळखायचं?" मी काय सांगणार! नाटकात खलनायक मिशी लावून यायचा.

धनेशची ती राखाडी गाडी महिन्याभरात कोणीतरी नेली. परवा बाजारपेठेत दिसली. शाळेची पोरं कोंबलेली, छान पळत होती. घ्यायला हवी होती की काय, असं वाटलं. पण रस्त्यावर पळणारी गाडी बघून आतलं काय कळतं? कोंडूला मी हे सांगितलेलं नाही.

त्याच्या दारात आता रविवारी कोणी येत नाही. बातमी वळहून आमच्या आधी गावात पोचली होती. नवशा मात्र येतो, रिक्षा दारात उभी करतो आणि मुद्दाम ओरडतो, "मिस्त्री, जरा आवाज बघा!" कोंडू उठत नाही. "दुसऱ्याकडं ने," म्हणतो. शेवंता नवशाला चहा देते आणि नवशा तो पिऊन जातो.

संघरत्ना अजून स्कूटीवरूनच पडघ्याला जाते. सकाळी सव्वाआठला निघते. तिनं पोचल्याचा फोन मला करायचा असं ठरलंय. कोंडूला फोन ऐकू येत नाही आणि शेवंता फोन आला की घाबरते. म्हणून तिची स्कूटी वळली की कोंडू माझ्याकडे येतो आणि माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसतो. मोबाइल आमच्या दोघांच्या मध्ये असतो. कधी चाळीस मिनिटं, कधी तासभर.

"आज ट्रॅफिक असेल," मी म्हणतो.

"असेल," तो म्हणतो, आणि आम्ही बसून राहतो.