सुपीठ कधी सोडायची

आम्रपालीच्या व्हिडिओंमध्ये मधेच कॅमेरा हलतो, तो माझ्यामुळे. मी पूर्णिमा. आम्ही दोघी खराडीत एका कॉल सेंटरला शेजारी बसायचो. ती नोकरी सुटली, मैत्री राहिली. आता ती कात्रजला तिच्या स्वयंपाकघरात घरघंटीवर दळते आणि मी मोबाईल धरून उभी असते.

तिचं कुटुंब मूळचं वाशीमचं. वडील सरकारी कचेरीत होते, बदली होऊन पुण्यात आले आणि इथलेच झाले. आम्रपाली त्यांच्यासारखीच, बोलायला मोजकी, पण एकदा मनात धरलं की सोडणार नाही. सोसायटीजवळची पिठाची गिरणी बंद पडली तेव्हा तिने घरघंटी घेतली. बायका डबे घेऊन यायच्या आणि विचारायच्या, भाजणीला कुठली जाळी लावायची, नाचणी बारीक का येत नाही. रोज तेच सांगून कंटाळली आणि एक दिवस तिने व्हिडिओ केला. तो लोकांनी इतका पाहिला की मग तिने ठिकठिकाणच्या घरघंट्या आणून त्यावर दळून दाखवायला सुरुवात केली. जी वाईट, तिला तोंडावर वाईट म्हणायची. लोकांचा विश्वास बसला तो त्यामुळे.

तिला सगळ्यांत पसंत पडली ती 'सुपीठ'. त्यांचं ऑफिस खराडीतच. कंपनीने तिला अ‍ॅफिलिएट करून घेतलं, म्हणजे व्हिडिओखाली कंपनीची लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून कोणी घरघंटी घेतली तर कमिशन मिळायचं. पहिले काही महिने बरे गेले. मग विक्री घसरत घसरत जवळजवळ थांबली. व्हिडिओ बघणारे वाढत होते, लिंक दाबणारे वाढत होते, कमेंटमध्ये बायका 'ताई, सुपीठ घेतली, छान आहे' असं लिहीत होत्या, आणि तिच्या नावावर मात्र काहीच चढत नव्हतं.

"सोडून दे," तिचा नवरा संतोष म्हणाला. तो बँकेत आहे, त्याचं गणित सरळ असतं. "तीन-चार महिने बघितलंस ना? चालत नाही. दुसरी कंपनी बघ."

"मशीन चांगली आहे रे. खपत का नाही ते आधी कळू दे."

ते कळलं गणपतीनंतर. कंपनीने सगळ्या अ‍ॅफिलिएट लोकांना ऑफिसात बोलावलं होतं. मीही तिच्यासोबत गेले. हे सगळं काम बघणारा अनिरुद्ध नावाचा अधिकारी पडद्यावर एकेकाचा नंबर दाखवत होता. आम्रपाली जवळजवळ तळाशी होती. आदल्या रात्री तिने स्वतःच्याच लिंकवरून त्यांची वेबसाइट उघडून पाहिली होती. तिने हात वर केला.

"तुमच्या वेबसाइटवर फोन नंबर एवढा मोठा टाकलाय," ती म्हणाली, "की माझ्या लिंकवरून आलेली माणसं फोन करूनच ऑर्डर देतात. ती विक्री आमच्या नावावर लागतच नाही."

अनिरुद्ध हसला. "मॅडम, माझी आई बघते तुमचे व्हिडिओ. दुपारी झोप येत नसली की लावते."

सगळे हसले. तो थांबला नाही. "लोक आमच्या नावावर येतात. विक्रीचं आम्ही बघतो. तुम्ही आपल्या दळत राहा."

परत येताना ती माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. हडपसरचा पूल उतरलो. मग कानाशी येऊन म्हणाली, "सोडायचं. पण आज नाही."

आधी तिला खात्री करून घ्यायची होती. शनिवार पेठेत माझी मावशी राहते, यमुनाबाई. तिला घरघंटी घ्यायचीच होती. तिला आम्ही आम्रपालीची लिंक पाठवली आणि सांगितलं, पुढे तुला वाटेल तसं कर. मावशीने लिंक उघडली, समोर मोठा फोन नंबर दिसला, तिने फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, कुठे पाहिलंत? मावशी म्हणाली, आम्रपालीताईंच्या व्हिडिओत. "हो, बरेच जण तेच सांगतात," ती मुलगी म्हणाली आणि तिने ऑर्डर घेतली. मशीन घरी आली, तरी आम्रपालीच्या नावावर शून्य.

"मशीन बरी आहे," मावशीने फोनवर कळवलं. "आवाज आमच्या ह्यांच्या घोरण्याइतकाच. त्याची सवय आहे."

संतोष म्हणाला, "झाली ना खात्री? आजच काढून टाक लिंक."

"पितृपक्ष चालू आहे. आत्ता कोण घेतंय घरघंटी? आत्ता सोडलं तर त्या माणसाला कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे तुला सोडायचंय की त्याला दुखवायचंय?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

घरघंटीचा खरा मोसम दसऱ्यानंतर. दिवाळीच्या चकल्यांची भाजणी घरोघरी दळायची असते आणि याच वर्षी मशीन घेऊन टाकू असं बायकांना तेव्हाच वाटतं. आम्रपालीने तोपर्यंत थांबायचं ठरवलं. नुसती थांबली नाही, तिने सुपीठचे व्हिडिओ वाढवले. मेतकुटाचा केला, उपवासाच्या भाजणीचा केला, जाळी कशी धुवायची याचा केला. सगळे जीव ओतून. मला कळेना. फुकटात त्याचा फायदा का करून देतेस, मी विचारलं. "आधी त्याला माझी सवय लागू दे," ती म्हणाली.

सवय लागली. नवरात्रात अनिरुद्धचा फोन आला. आता 'मॅडम'ची 'आम्रपालीताई' झाली होती. "ताई, तुमच्या व्हिडिओनंतर फोन थांबत नाहीत. दिवाळीसाठी माल वाढवून ठेवलाय. एक दणदणीत व्हिडिओ करा. तुमच्याच भरवशावर आहे सगळं."

फोन स्पीकरवर होता. मी तिच्याकडे बघत होते. हिशेबात जिचं नाव नाही, तिच्याच भरवशावर त्याने गोदाम भरलं होतं. तिचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही.

"करते की," ती म्हणाली. "दसरा होऊ दे."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अगं, हे जरा जास्त होतंय."

"मी खोटं काय बोलले? व्हिडिओ करणारच आहे."

नऱ्ह्याला एका शेडमध्ये संभाजी नावाचे गृहस्थ घरघंट्या बनवतात. ती त्यांच्याकडे गेली, तिथेच जमिनीवर बसून ज्वारी दळून बघितली. मशीन दणकट होती, आवाज जरा जास्त. तिने त्यांच्यापुढे एकच अट ठेवली. लिंक असो की फोन, प्रत्येक गिऱ्हाइकाला कोणाचं ऐकून आलात हे विचारायचं आणि ते लिहून ठेवायचं.

"ते करतो की ताई," संभाजी म्हणाले. "मशीन कडक हाय आपली. पण एकदम ढीगभर मागणी आली तर मला झेपायचं नाय, आधीच सांगतो."

"बघू," ती म्हणाली. संभाजींच्या त्या शेवटच्या वाक्याकडे तिने लक्ष द्यायला हवं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी दुपारभर बसून तिच्या सगळ्या जुन्या व्हिडिओंखालची सुपीठची लिंक काढली आणि संभाजींची टाकली. संध्याकाळी तिने नवा व्हिडिओ एका दमात केला. म्हणाली, सुपीठ मशीन उत्तम आहे, मी आजही तिच्यावरच दळते. पण मी पाठवलेली माणसं ही कंपनी स्वतःची म्हणून मोजते. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी खुशाल घ्यावी, मी मात्र आजपासून त्यांच्यासाठी एकही गिऱ्हाईक आणणार नाही. अनिरुद्धचं नाव तिने घेतलं नाही.

"का नाही घेतलंस?" मी विचारलं.

"नाव घेतलं तर लोक म्हणतील, दोघांचं भांडण आहे. आता त्याच्या ऑफिसातच एकमेकांना विचारतील, हे कोणी केलं म्हणून."

तसंच झालं. व्हिडिओ घराघरांतल्या ग्रुपवर फिरला. खराडीतले फोन थंडावले. अनिरुद्धचे फोन मात्र येत राहिले. ती मोबाईल ओट्यावर उलटा ठेवायची आणि काम करत राहायची.

मग एका सकाळी तो स्वतःच आला, मिठाईचा मोठा खोका घेऊन. ती शेजारच्या बायकांची भाजणी दळत होती. तिने त्याला स्वयंपाकघरातच खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरघंटी चालू केली.

"ताई, जरा बोलायचं होतं," तो म्हणाला.

"बोला ना."

"मशीन जरा बंद केलीत तर—"

"बायका डबे न्यायला येतील. बोला तुम्ही, ऐकतेय."

तो बोलायला लागला. ती दर वाक्याला कानावर हात ठेवून "काय म्हणालात?" विचारत होती. त्याचा आवाज चढत गेला. माल पडून आहे, वरचे लोक विचारतायत, कमिशन वाढवून देतो, सगळं त्याने दोन-दोनदा सांगितलं. कपाळाला घाम, शर्टावर पिठाची पूड. मला त्याची दया यायला लागली होती, खोटं कशाला बोलू. शेवटी तो जिवाच्या आकांताने ओरडला, "चूक झाली माझी", आणि नेमकं तेव्हाच तिने बटण बंद केलं. त्या शांततेत ते शब्द जिन्यापर्यंत गेले. दारात डबा घ्यायला आलेली शेजारीण तिथेच थबकली.

"आता ऐकू आलं," आम्रपाली म्हणाली.

"मग परत सुरू करूया?" त्याचा घसा बसला होता. "माझी नोकरी जाईल हो."

"जावी असं मी म्हणत नाही. राहावी असंही म्हणत नाही. मिठाई घेऊन जा, आमच्याकडे गोड कमी खातात."

तो गेल्यावर तिने भाजणी चाळली, डबे भरले. त्या दिवशी तिच्या हातांना वेगळीच लय होती. इतकी खूश मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

पण दिवाळी तिलाही सोपी गेली नाही. संभाजींकडे एवढी मागणी आली की निम्म्या लोकांना मशीन दिवाळीनंतर मिळाली. कमेंटमध्ये बायकांनी आम्रपालीला धारेवर धरलं. दोघी-तिघींनी लिहिलं, तुमच्या भांडणात आमच्या चकल्या राहिल्या. कात्रज, धनकवडीतल्या जितक्या बायका सापडल्या त्यांची भाजणी तिने घरी दळून दिली, पैसे न घेता. संतोष सगळे डबे स्कूटरवरून पोहोचवत होता.

दिवाळीनंतर कळलं की अनिरुद्धला त्या कामावरून काढून दुसऱ्या विभागात बसवलंय. सुपीठने नवी सोय केली. फोनवर ऑर्डर देणाऱ्याला आता नाव विचारतात, कोणाच्या सांगण्यावरून आलात, आणि ज्याचं नाव त्याला कमिशन. साताऱ्याहून तेजस नावाच्या एकाचा फोन आला. तोही सुपीठचेच व्हिडिओ करतो. "ताई, तुमच्यामुळे आम्हा सगळ्यांचं भलं झालं," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी नव्हतं केलं," ती म्हणाली. तो बिचारा गोंधळून गेला. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ धुसफुसत होती. अनिरुद्धला अद्दल घडवायची होती, तिथे कुठल्या कुठल्या माणसांचं कल्याण होऊन बसलं.

संतोषने एकदा विषय काढून पाहिला. "आता ती कंपनी नीट मोजते. मशीनही तुझ्या आवडीची. संभाजींपेक्षा तिथे जास्त मिळेल."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. जास्त मिळेल, पण जाणार नाही."

मलाही ते पटलं असं नाही. तोट्यातली गोष्ट केव्हा सोडायची हे तिला कळलं होतं. फायद्यात आल्यावर परत केव्हा धरायची, ते तिला कळून घ्यायचंच नाही.

परवा आम्ही मुगाच्या पिठाचा व्हिडिओ करत होतो. मधे तिच्या मोबाईलवर एक कमेंट आली, 'ताई, खरं सांगा, सुपीठ कशी आहे?' मला वाटलं, पुसून टाकेल. तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि उत्तर लिहिलं, 'उत्तम आहे. दुकानात जाऊन बघून घ्या.' खाली लिंक दिली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कॅमेरा सरळ धर, पूर्णिमा."